प्रबंधात गाय नव्हती

माझ्या प्रबंधात कुत्रा होता, विंचू होता, मांजर, गाढव, साप, माकड, सगळे होते. आपल्या मध्ययुगातल्या संतकवींनी पापाला जेवढे म्हणून प्राणी जोडले, ते मी पाच वर्षं नागपुरातल्या ग्रंथालयांत बसून एकेक करून धरले होते. दुपारी मुलींच्या कॉलेजात शिकवायचं आणि चार वाजता धुळीत जाऊन बसायचं, असा माझा नेम. फक्त गाय मी धरली नव्हती, आणि नेमकं ते सरांच्या लक्षात आलं.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयाजवळ राहायचे, त्यांच्या खोलीत बसलं की सकाळी पिंजऱ्यातल्या वाघाचा आवाज ऐकू यायचा. त्यांनी सहा प्रकरणांचा गठ्ठा टेबलावर सरळ केला आणि म्हणाले, "बाई, अख्खी महाराजबाग उभी केलीत तुम्ही. गाय कुठं आहे?"

"गाय पापाचं प्रतीक नाही, सर," मी तयार ठेवलेलं उत्तर दिलं.

"मान्य. पण बांधलेलं जनावर म्हणजे जीव, त्याच्या गळ्यातलं दावं म्हणजे पाप, आणि ते सोडणारा वर बसलेला, हे ज्याला ठाऊक नाही असा कीर्तनाला बसणारा एक म्हातारा मला दाखवा. दाव्याचं प्रकरण लिहून आणा. त्याशिवाय मी सही करत नाही."

मी "हो" म्हणाले आणि जिना उतरले. मला राग आला होता. सरांचा नाही, स्वतःचाच, आणि तोही ते प्रकरण मला लिहिता येत नव्हतं म्हणून नाही, तर मी ते दहा वर्षं टाळत होते म्हणून. गाईला दावं बांधून मी एकदा मारलं होतं, आणि त्याची शिक्षा माझ्या मामांनी भोगली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

मामा नरखेड तालुक्यातल्या एका लहान गावात राहायचे. थोडी संत्र्याची बाग, थोडं कपाशीचं शेत, कोठ्यात दोन बैल आणि एक तांबडी गाय. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सुट्टीत आम्ही गेलो की मामा-मामींच्या घराला घरपण यायचं असं मामी म्हणायच्या. मामा बोलघेवडे. समोर माणूस नसला तर बैलाशी बोलायचे. पण त्यांच्या बोलण्याला खरा बहर यायचा तो चातुर्मासात. आजोबांच्या आजोबांनी हाताने उतरवून घेतलेली एक पोथी त्यांच्याकडे होती, सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली. कवी कोण ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती आणि कवीचं नाव बहुतेक तिच्याच पोटात गेलं होतं. ती पोथी मामा मारुतीच्या देवळात रोज वाचायचे आणि अर्थ सांगायचे.

पोथी सगळी पापांची होती. तिच्यात हरेक पापाला एक जनावर नेमून दिलेलं. लोभी माणूस म्हणजे वाळलेलं हाड चघळणारा कुत्रा, हिरडीतून आपलंच रक्त येतं आणि त्याला वाटतं हाडाला चव आहे. रागीट म्हणजे विंचू. ढोंगी म्हणजे डोळे मिटून पाण्यात उभा राहिलेला बगळा. जिभेवर ताबा नसलेला म्हणजे गळाला लागलेला मासा. मामा हे वाचायचे आणि मधेच पोथीवरून डोळे उचलून समोर बसलेल्यांकडे बघायचे. नाव कोणाचं घ्यायचे नाहीत, पण बगळा आला की सगळं देऊळ एकाच माणसाकडे बघून हसायचं. मासा आला की मामा स्वतःच्या पोटावर हात ठेवायचे. मामींच्या हातच्या वांग्याच्या भरताचे चार चार घास जास्त खाणारा माणूस तो, त्याला ती कबुली देणं भागच होतं.

मी त्या वेळी बारा-तेरा वर्षांची असेन. मला त्या कुत्र्याची फार दया यायची. एकदा देवळातून घरी येताना मी चिडून विचारलं, "पण मामा, कुत्र्यानं काय केलंय? लोभी माणूस आहे ना?"

मामा थांबले. "कुत्र्यानं काईच नाई केलं वं. माणसाले आपलं पाप ठेवाले जागा पाह्यजे ना कुठंतरी. तं त्यानं ते कुत्र्याच्या पाठीवर ठेवून देल्लं."

पुढे मी या एका वाक्याचं चाळीस पानांचं प्रकरण केलं. खाली पंचावन्न टिपा दिल्या, त्यांत मामांचं नाव नाही. असो.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. आई भाऊबीजेला भावाकडे निघाली, मीही तिच्यासोबत गेले. सण झाला. गाईला ओवाळून झालं, तिच्या शिंगांना गेरू लावला होता, तो मीच लावला होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामी चुलीपाशी होत्या, मामा शेतातून यायचे होते. गाय चरून आली आणि अंगणात उभी राहिली. मामी आतूनच म्हणाल्या, "तेवढी तांबडी बांधून दे वं कोठ्यात. माहे हात पिठाचे हायेत."

मी शहरातली. गाय कधी बांधली नव्हती, पण असं सांगायची लाज वाटली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला गाय बांधता येत नाही म्हणजे काय! गाईच्या गळ्यात दावं होतंच, त्याचं दुसरं टोक खुंट्याला बांधायचं एवढंच काम. मी बांधलं, जोर लावून आवळलं, आणि घरात येऊन भाकरी खाल्ली.

सकाळी मामींच्या ओरडण्याने जाग आली. गाय रात्री खुंट्याभोवती फिरत राहिली होती. दावं खुंट्याला गुंडाळत गेलं, आखूड होत गेलं, आणि शेवटी तिची मान खुंट्याशी आवळली गेली. ती पडली होती ती तशीच. शिंगांवरचा गेरू अजून ओला वाटावा इतका ताजा होता. मी कोठ्याच्या दारात उभी राहिले.

आमच्या त्या भागात त्या काळी एक रीत होती. गाय आजाराने मेली तर वेगळं, पण दाव्यात मेली, गळ्यात दोर असताना मेली, तर ज्याने बांधली त्याला तिची हत्या लागायची. मग त्याने ते दावं स्वतःच्या गळ्यात घालायचं, अनवाणी, उघड्या डोक्याने गावोगाव फिरायचं. अकरा दिवस घरी यायचं नाही आणि तोंडातून माणसाचा शब्द काढायचा नाही. दारात उभं राहून गाईसारखं हंबरायचं, कोणी पीठ घातलं तर झोळीत घ्यायचं. अकराव्या दिवशी नदीवर आंघोळ, मुंडण, गावजेवण. तोवर त्या घरचं पाणी कोणी घ्यायचं नाही.

दुपारच्या आत गावातली पाच जाणती माणसं अंगणात येऊन बसली. मी दाराआड उभी होते, आई माझ्या मागे. त्यांतल्या वडीलधाऱ्याने सरळ विचारलं, "गाय कोणं बांधली व्हती गा?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी मामा म्हणाले, "म्यां बांधली."

इतकं झटकन म्हणाले की विचार करायलाही वेळ घेतला नाही. मामी चुलीपाशी उभ्या होत्या, त्यांनी मान वळवून एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी दहा वर्षं रोज वाचत आले. त्यांनीच तर मला बांधायला सांगितलं होतं. आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि मामांनी भाचीची इज्जत झाकली हेही आम्हा दोघींना कळलं. मी उघडलेलं तोंड मिटलं. कॉलेजातली मुलगी गळ्यात दावं घालून दारोदार हंबरते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी मिटलेलं तोंड मिटलेलंच ठेवलं.

त्याच दिवशी मामा निघाले. गळ्यात तेच दावं. बोलघेवड्या माणसाने अकरा दिवस गप्प राहायचं म्हणजे काय, हे ज्याने त्यांना ओळखलं त्यालाच कळेल.

मी आणि आई तिसऱ्या दिवशी एस.टी.ने परत निघालो. पुढच्या गावाला गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला एका घरासमोर मामा उभे होते. डोक्यावर टोपी नाही, पाय धुळीने माखलेले, गळ्यातलं दावं छातीवर लोंबत होतं. त्यांनी मान वर केली आणि हंबरले. आवाज अगदी गाईचा नव्हता आणि माणसाचाही राहिला नव्हता. दोन लहान पोरं त्यांच्यामागे उभी राहून हंबरत होती आणि हसत होती. घरातून एक बाई आली, तिने पोरांना हाकललं आणि झोळीत ज्वारीचं पीठ घातलं. गाडीत कोणीतरी म्हणालं, "हत्येवाला हाय बिचारा," आणि पुढच्या बाकावरच्या म्हातारीने हात जोडले. आईने पदर तोंडावर ओढून घेतला.

मामांनी गाडीकडे बघितलं. मी खाली वाकले आणि बाकाखाली चप्पल शोधायला लागले. चप्पल माझ्या पायातच होती. गाडी सुटून पार दूर जाईपर्यंत मी तशीच वाकून बसले.

नागपूरला आल्यावर बाबा म्हणाले, "आजच्या काळात कसलं हे! अडाणीपणा आहे." त्यांचं बरोबरच होतं. मीही मोठ्याने "हो ना" म्हणाले. पण अडाणीपणा म्हणून एखादी गोष्ट मनातून जात असती तर काय पाहिजे होतं.

मामांचे अकरा दिवस झाले, नदीवर आंघोळ झाली, गाव जेवलं. पुढे मामा पूर्वीसारखेच बोलायचे, लग्नाकार्यात पंगतीत सगळ्यांना हसवायचे. फक्त एक गोष्ट बदलली. पुढच्या चातुर्मासात त्यांनी पोथी वाचली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. देवळात आता गावातले मास्तर दुसरी कुठली तरी छापील पोथी वाचायचे. आईने एकदा विचारलं तर मामांनी "डोळे कामातून गेले" असं सांगितलं. डोळे चांगले होते, कपाशीवरची कीड त्यांना दहा हातांवरून दिसायची. मला समजायचं ते समजलं. माझ्या पापाने मामांचं तोंड बंद केलं होतं.

एम.ए. झाल्यावर प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी पाप आणि प्राणी हा विषय घेतला. लोक म्हणायचे, काय तरी विषय! सरांना तो फार आवडला. मी तो का घेतला हे त्यांना कसं सांगणार? मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: एकाचं पाप दुसऱ्याने फेडलं तर ते फिटतं का? मामा माझ्या जागी हंबरले. मग माझ्या गळ्यातलं दावं सुटलं, की तसंच राहिलं?

मी ओव्या वाचल्या, अभंग वाचले, भारुडं, पदं, नावाची आणि निनावी बाडं वाचली. सगळ्यांत ठरलेले प्राणी. दिव्यावर झडप घालणारा पतंग डोळ्यांचं पाप, पारध्याचं गाणं ऐकून थांबणारं हरिण कानांचं, खड्ड्यात पडणारा हत्ती कातडीचं. कवींचा मला फार राग यायचा. हरणाने गाणं ऐकलं तर त्यात पाप कसलं? बाण मारणारा पारधी मात्र कवितेत कुठल्या पापाचा धनी नाही! आणखी एक गंमत दिसली. जो कवी एका ठिकाणी कुत्र्याला लोभ म्हणतो, तोच दोन पानांनंतर स्वतःला देवाच्या दारचा कुत्रा म्हणवून घेतो आणि त्याचा त्याला अभिमान असतो. कुत्रा तोच, पण आता त्याच्या गळ्यात मालकाचा पट्टा आहे. मला हे फार पटलं होतं. सरांनीही त्या पानावर "उत्तम" असं लिहिलं.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. किंवा होतं, आणि ते मला नको होतं. करणाऱ्याने भोगावं, ज्याचं त्याने, यावर सगळे एकमुखाने ठाम. एकाही कवीने मला पळायला फट ठेवली नाही. पाच वर्षांत मी कुत्र्याची वकिली केली, विंचवाची केली, गाढवाचीसुद्धा केली. गाईच्या वाटेला गेले नाही.

सरांनी गठ्ठा परत दिला त्याच्या पुढच्या रविवारी मी एस.टी.त बसले. काटोल गेलं, संत्र्याच्या बागा दिसायला लागल्या. मी ठरवलं होतं की सांगायचं. काय व्हायचं ते होवो. मामा रागावले तर रागावू देत, मामी बोलायच्या बंद झाल्या तर होऊ देत. पुढच्या थांब्यावर एकदा वाटलं, इथेच उतरून परतीची गाडी धरावी.

पोचले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. मामा आता साठीला टेकले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मामींनी दारातच माझे गाल दाबून पाहिले. "इतली वाळली काहून वं? तुह्या कॉलेजात जेवाले देत नाईत काय? अन् लगन कधी करतं?" मी हसले. चुलीपाशी पाट मांडले गेले. मामी भाकरी थापत होत्या, मामांच्या ताटात भरीत होतं. मी एक घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे मला माहीत होतं.

"मामा, ती गाय मी बांधली होती."

"कोणती गाय?"

"तांबडी. त्या दिवाळीची."

मामींचा थापता हात पिठावरच थांबला. मामांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"हाव," ते म्हणाले. "तूनंच बांधली व्हती. मले माहीत हाय."

माझे डोळे भरून आले. एवढी वर्षं मला जे वाटत होतं ते खरं निघालं होतं. मी म्हणाले, "मग तुम्ही माझ्यासाठी..."

"अन् म्यां सोडली व्हती," मामा म्हणाले.

मला कळलं नाही. मी आणि मामी, दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"म्हंजे काय," मामा म्हणाले, "शेतातून आलो तं कोठ्यात गेलो. रोज जातो, सगळी दावी हातानं पाह्यतो अन् मंगच घरात येतो. पाह्यतो तं तांबडीच्या खुंट्याले काय! फूल! तू वेणीले रिबीन बांधते ना, तशी गाठ मारून ठेवली व्हती तूनं. दोन कान वर काढून. मले इतलं हासू आलं. गाईनं मान हालवली असती तं सुटली असती. म्यां ते सोडलं अन् आपली गाठ मारली. पक्की."

चुलीतलं लाकूड चटचटलं. मी पाटावर बसल्या बसल्या दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला ते सगळं दिसलं, माझ्या बोटांनी बांधलेलं ते दोन कानांचं फूल. खरंच, मला दुसरी गाठ येतच कुठे होती? शाळेत दहा वर्षं रोज सकाळी तीच तर बांधत आले होते. मी बांधलेली गाठ त्या रात्री खुंट्यावर नव्हतीच. मी गाय मारली नव्हती. माझ्या छातीवरून कोणीतरी जातं उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. मी रडायला लागले आणि रडता रडता हसायला लागले.

मग मला राग आला. "सांगितलं का नाही मला? दहा वर्षं, मामा! दहा वर्षं मी..."

"तू इचारलं काहून नाई?" मामा खरोखरच चकित झाले होते. "मले काय मालूम तुह्या मनात काय हाय ते! पाच माणसांनी इचारलं, कोणं बांधली. म्यां बांधली व्हती, म्यां सांगतलं."

आता मामी उसळल्या. हातातलं पीठ परातीत झटकून म्हणाल्या, "अन् मले? म्याबी इतले वर्ष समजून राह्यली का पोरीसाठी केलं म्हणून! मनात म्हणो, देवमाणूस हाय माहा नवरा. येका शब्दानं सांगू नाई शकत? तोंड नोतं काय तुमाले?"

"अकरा दिस नोतं," मामा म्हणाले.

मामी हसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. त्यांनी माझ्या पाठीवर पिठाचाच हात ठेवला. त्या एका नजरेचं ओझं त्याही वाहत होत्या, मीच सांगितलं पोरीला बांधायला, म्हणून. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत होतो, नाक ओढत होतो, आणि मला सपाटून भूक लागली होती. मी भरीत भाकरीवर घेतलं आणि खायला लागले. दहा वर्षांत अन्नाला अशी चव आली नव्हती.

मामा हसत नव्हते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. ते ताटाकडे बघत होते.

"तुही गाठ राहू देल्ली असती," ते म्हणाले, "तं गाय रातीच सुटली असती. शेजाऱ्याची तूर खाल्ली असती तिनं, अन् सकाळी म्यां शिव्या खाल्ल्या असत्या. पण जित्ती राह्यली असती. माही गाठ पक्की व्हती म्हणून मेली. कोणं बांधली हे इचारलं वं सगळ्यांनी. कशी बांधली, हे कोणी इचारलं नाई."

मामींचा हात माझ्या पाठीवरून खाली आला. हे त्यांनाही आजवर ठाऊक नव्हतं. मी दहा वर्षं त्या माणसाला माझ्यासाठी हंबरलेला संत करून ठेवलं होतं, आणि तो आपल्या गाईसाठी हंबरत होता. एस.टी.तून मी त्याच्याकडे नीट पाहिलं असतं तर मला ते तेव्हाच दिसलं असतं.

"नदीवर आंघोळ केली," मामा म्हणाले. "मुंडण केलं. गाव जेवलं. सगळे म्हणे फिटली, फिटली. मंग पोथी काढली म्यां, तं वाचता येईना. दुसऱ्याले कुत्रा म्हणतो, बगळा म्हणतो, मी कोण? मले कोणी सांगे ना खरं." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी त्यांना प्रश्न विचारायचे तेव्हा माझा चेहरा असाच असेल. "तू इतली शिकली. पाच वर्षं याच पोथ्या वाचून राह्यली म्हणते. तं सांग मले. फिटली का वं माही?"

मी वाचलेले सगळे कवी माझ्या डोक्यातून गेले. ते एकमेकांशी कशावरून भांडत नाहीत? देव आत की बाहेर, घर सोडावं की धरावं, कोणता प्राणी कोणत्या पापाला, सगळ्यावर भांडतात. पण एका गोष्टीवर त्यांचं कधीच भांडण नाही. ज्या जनावराला आपल्या गळ्यातलं दावं कळलं आणि ते हंबरलं, त्याला सोडायला धनी धावतोच. कुठल्याही बाडात, कुठल्याही कवीकडे, हंबरणारं जनावर बांधलेलं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"फिटली, मामा," मी म्हणाले. "पहिल्या दारात हंबरलात ना, तेव्हाच फिटली. बाकीचे दहा दिवस तुम्ही उगाच फिरलात."

"पोथीत हाय?"

"सगळ्या पोथ्यांत आहे."

मामांचे खांदे हळूहळू खाली आले, इतकी वर्षं ते वर धरलेले होते हे मला त्या क्षणी कळलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि ताट मामींकडे सरकवलं.

"भाकर टाक वं आणखी येक," ते म्हणाले.